लांब गाडीची ट्रायल

दलालाने किल्ली माझ्या हातात दिली आणि मी मागचं दार उघडून ऐटीत बसलो. आजवर असल्या गाडीत बसलो ते कुणाच्या तरी लग्नात, तेही मागेच, अंगवळणी पडलेलं.

"भिया, चलाना आपको है," तो म्हणाला. बायको आभाळाकडे बघायला लागली.

आमच्या छोट्या गाडीचे धक्के माझ्या कंबरेला सोसेनात. म्हणून ही जुनी, पण एके काळची श्रीमंतांची लांबलचक गाडी बघत होतो. नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती, आणि तीच माझी धास्ती. एवढी स्वस्त का? मालक परदेशी चालले म्हणे. पण विकायच्या प्रत्येक गाडीचा मालक परदेशीच चाललेला असतो. पोलोग्राउंडच्या आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने आदल्या दिवशी खालून-वरून बघून "एकदम टनाटन" म्हटलं होतं. तरी धास्ती काही जाईना.

बायकोने घरूनच नारळ आणला होता. पसंत पडली तर तिथल्या तिथे फोडायचा. तो माझ्याकडे देऊन ती मागे बसली. "पायाशी नका हं ठेवू, देवाचा आहे." मी "हो हो" म्हणत माझ्याच सीटखाली सारला.

महूच्या रस्त्याला लागलो. बॉनेट संपतं कुठे तेच कळेना. शेजारून ऑटो गेली की मी अंग चोरायचो, जसं काही त्याने गाडी बारीक होणार होती.

"थोडा दबाओ ना, भिया," शेजारी बसलेला दलाल म्हणाला. मी दाबलं. तेवढ्यात उतार लागला, आणि समोर लसणाच्या गोण्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली.

ब्रेकवर पाय दिला. ब्रेक खाली जाईना. दगडासारखा घट्ट. पुन्हा दिला, पुन्हा दगड. ट्रॉलीच्या मागचं लाल फडकं मोठं मोठं होत चाललं. डोक्यात एकच: म्हणून स्वस्त! आणि मागे ही बसलीय.

"अहो!"

दलालाने मधलं हँडब्रेकचं बटण खेचून धरलं. गाडी हिसके खात, किंचाळत थांबली. ट्रॉलीवाल्याला पत्ताही नव्हता. मागचं फडकं फडफडत ट्रॉली निघून गेली.

"हिला ब्रेकच नाहीयेत," मी कसाबसा बोललो.

दलाल वाकला. माझ्या पायामागे हात घालून ब्रेकखाली अडकलेला नारळ त्याने ओढून काढला. "ये क्या है, भिया?"

मागून बायकोने माझा खांदा घट्ट धरला होता. बराच वेळ तो तिने सोडला नाही. मग नारळ मागून घेतला, शेंडी नीट केली.

"गाडीत काही खोट नाही," ती म्हणाली. "उतरा, फोडा हा. घरी मी नेते चालवत. तुम्ही आपले मागे बसा, मघाशी बरोबर बसला होतात."