पिवळी रेघ

"ब्रेकचं काम घेऊ नका म्हणते ना मी!"

"का? कारण सांग."

"कारण कशाला पायजे? ऑइल बदला, पंक्चर काढा, हवा भरा. ब्रेक नको."

"म्हंजी मी आता हवा भरनारा झालो!"

वैजयंतीनं तव्यात टाकलेल्या भाकरीची कड दुमडली. ती सरळ करायचंही तिला सुचलं नाही. उंबऱ्याशी गोकुळ पान्यांची पेटी उघडून बसला होता. एकेक पाना फडक्यानं पुसून परत जागेवर ठेवत होता. डाव्या हातानं पुसायचा, उजव्यानं ठेवायचा. ठेवताना दर वेळी पाना पेटीच्या कडेला लागून खण्णकन वाजायचा.

"शाळेची गाडी हाय ती," ती म्हणाली. "बारकी बारकी पोरं बसत्यात तिच्यात."

"म्हनून तर अमृत डायव्हर ती माझ्याकडं आनतोय. रविवार हाय, गाडी मोकळी हाय. काय म्हनला फोनवर, म्हाईतीये? 'गोकुळभाऊ, मला तुमची पिवळी रेघ पायजे. दुसऱ्या कुनाची न्हाई चालायची.'"

पिवळी रेघ म्हणजे गोकुळची सही. पेठला हमरस्त्याकडेला त्याचं गॅरेज. कुठलाही नट आवळून झाला की तो काडेपेटीची काडी पिवळ्या ऑइलपेंटमध्ये बुडवायचा आणि नटावरून थेट खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायचा. नट तसूभर सैल झाला तरी रेघ तुटते, लांबून दिसते. नाशिककडं जाणारे ड्रायव्हर चहाला थांबले की चाकाकडं वाकून रेघ बघायचे आणि निर्धास्त पुढं जायचे. माणूस तोंडाचा फटकळ, गिऱ्हाइकाला "गाडी चालवतो का नांगर?" असं तोंडावर विचारणारा, पण रेघ ओढताना श्वास धरायचा.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चहाची बशी त्याच्या हातातून सुटली. वाऱ्याचा झटका, अर्धांगवायू. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं तेवढी मागं राहिली. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या. वैजयंतीनं ताटात राजगिरा आणि तांदूळ मिसळून दिले निवडायला. दुसऱ्याच दिवशी ताट भिंतीवर!

"मी काय सुपात पाखडायला बसू?"

मग पुण्याहून तेजस्विनीनं, त्यांच्या लेकीनं, खोकं पाठवलं. आत जुन्या जीपची छोटी प्रतिकृती, सगळी सुटी. खऱ्या धातूची चासी, दारं, चाकं, इंजिनाचा ठोकळा, आणि तिळाएवढे स्क्रू. गोकुळनं ते परातीत ओतले, घरंगळू नयेत म्हणून. "बापाला खेळनं पाठवतीया," असं म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत परातीसमोरून उठला नाही. बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर टाचणीच्या टोकानं पिवळी रेघ. सवय ती सवय.

चासी जोडून झाली त्या दिवशी तो खुशीत आडवा झाला. वैजयंतीनं फडकं मारायला गाडी उचलली आणि मागची दोन्ही चाकं दांड्यासकट परातीत पडली. आवाजानं हा उठला का, म्हणून तिनं आधी वळून पाहिलं. मग खाली बसली. बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खालचे सगळे स्क्रू गच्च केले. रेघा तुटल्या, त्या रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या, टाचणी बुडवून पुन्हा रंग लावला. पोटाकडची बाजू, गाडी उलटी करून कोण बघतंय? एकदाच करायचं म्हणून केलं. पण गाडी हाताला भक्कम लागली तसा तो पुन्हा माणसासारखा जेवायला लागला, शटर उघडून बसायला लागला. मग दुपारी तो झोपला की ती खालचे स्क्रू चाचपायची. आणि आता शाळेची गाडी येणार होती.

"अमृतला आवळू द्या," ती म्हणाली. "तुमी शेजारी बसून सांगा. रेघ तुमी मारा."

"आन् मी काय देखरेखीला? हात आलाय माझा, वैजू! थांब, तुला पटत न्हाई ना?" त्यानं फळीवरची जीप काढून तिच्यापुढं धरली. "हलव. खडखडतंय का कुठं? आं? ह्या बोटांनी केलीय."

"ऱ्हाऊ द्या, माझे हात पिठाचे हायती."

"आण्याच्या पठारावरचं म्हायेर तुझं, हट्ट काय सोडनार! बघ, खालून बघ!"

"उलटी नका करू," ती पटकन बोलून गेली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग गाडी उलटी केली आणि दाराच्या उजेडात नेली. चष्मा नाकावर ओढला.

"हे काय?"

"कुठं काय?"

"गोल ठिपके."

"रंग सांडला असंल."

"बरोबर स्क्रूच्या डोक्यावर? गोल गोल?" त्याला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच वाळलं. "दसऱ्याला माझ्या पान्यांना बोट लावती तसं... कुंकू लावलंस व्हय गं गाडीला?"

तिनं तवा उतरवला. भाकरी करपली होती.

"चाकं निखळली व्हती," ती म्हणाली. "तुमी लई खुशीत व्हता त्या दिवशी."

गोकुळनं गाडी सरळ केली. वर जीपच्या दाराच्या बिजागरीवर एक स्क्रू होता, त्यावर स्वच्छ पिवळी रेघ. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतलाच नाही. डाव्या हाताचं नख खाचेत टेकवलं. स्क्रू फिरला. रेघ मधोमध तुटली.

"ह्यो माझा," तो म्हणाला.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. "गोकुळभाऊ! आहात का राव?"

"आलो रं!" आवाज मात्र पहिल्यासारखाच दणदणीत.

वैजयंती पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. "अहो, काय सांगनार त्याला?"

त्यानं फळीवरचा पिवळ्या रंगाचा डबा डाव्या हातात घेतला, काडेपेटी खिशात टाकली. पायात चपला सरकवल्या.

"अहो, मी काय विचारते? सांगनार ना त्याला?"

उघड्या पेटीतले पुसलेले पाने चकचकत होते. गोकुळनं पेटीला हात न लावता ती ओलांडली आणि मागं न बघता बाहेर पडला.