प्लगचा वास

आमच्या तिठ्यावरचा मेकॅनिक गिऱ्हाइकाशी फारसा बोलत नाही. गाडीचा प्लग काढतो, डोळे मिटून हुंगतो आणि त्या प्लगशीच बोलतो. मला तो माणूस बरा वाटत नाही, पण त्याचं निदान चुकत नाही.

परवा माझ्या मुलाची डर्ट बाइक बंद पडली. दुसऱ्या दिवशी डोंगरावर शर्यत होती. प्लग काळा आणि तेलाने ओला निघाला.

"इंजिनातला तेल वर येता," तो प्लगला म्हणाला. "उद्या चढणीर दगा देतली."

"नवो प्लग घाल आणि गप रव रे भगता," मुलगा हसला.

मेकॅनिकने नवा घातला. गाडी दहा मिनिटं चालवली, बंद केली आणि प्लग काढला. तोही काळा, ओला. त्याने तो फडक्यात धरून माझ्या नाकाशी आणला.

"आये, हुंगून बघ," मेकॅनिक मला म्हणाला.

नवरा गेला तेव्हा डोक्याशी लावलेला दिवा विझला होता. तेव्हा असाच वास आला होता.

"इंजिन खोल," मी म्हटलं.

"आये, खुळी झालंस काय? उद्या शर्यत आसा!" मुलगा ओरडला.

मी खाली पाहिलं. इंजिन खोलण्याआधी काढतात ते सगळं तेल गाडीखालच्या घमेल्यात आधीच उतरलेलं होतं. मेकॅनिक खाली वाकलेला मात्र मी पाहिला नव्हता.