लुटायांची सरकारी अब्रू

मसाका गावात लुटायांना लोक टाळायचे, रागाला भिऊन नव्हे, उपदेशाला भिऊन. उभा जन्म जिल्हा कचेरीत कारकुनी केलेला हा माणूस भेटेल त्याला अडवून सांगायचा, "नोकरी करावी तर सरकारी. मरेपर्यंत घोर नाही!" निवृत्त होऊन वर्षं लोटली, पेन्शनचा अजून पत्ता नव्हता, पण पीळ कायम. घर चालायचं ते पुतण्याच्या, सेमांडाच्या जिवावर. पदवी घेऊन पोरगा टॅक्सीतळावर अंडा-चपाती विकायचा. काका रोज दोन हाणायचे आणि ढेकर देऊन म्हणायचे, "शिक्षण पिठात घातलंस रे!"

सेमांडाचं लग्न जुळत आलं. आमच्यात मुलीच्या दारी जाऊन मुलाची ओळख करून द्यायची, आणि बोलायला पैसे देऊन एक बोलका न्यायचा.

"चपातीवाला म्हणालास तर याद राख," लुटायांनी बोलक्याला दम भरला. "सरकारी अधिकारी म्हण."

"काका, कशाला खोटं? लग्न मोडेल."

"तू गप रे. अब्रू माझी जाते."

आणलेल्या भेटींच्या टोपल्या मध्ये ठेवून मांडवात मंडळी समोरासमोर बसली. बोलक्यानं छाती फुगवून सांगितलं, "आमचा मुलगा बडा सरकारी अधिकारी!"

मुलीची आत्या, जिच्या होकाराशिवाय पोरगी जागची हलायची नाही, ती फिस्सकन हसली. "अगं बाई! मग टॅक्सीतळावर मला चपाती देतो तो कोण, याचा जुळा भाऊ? अहो, त्याचं गिऱ्हाईक बघून तर मी हो म्हटलं! सरकारी नवरा माझाही होता. पगाराची वाट बघतच गेला मेला. सरकारीच असेल तर उचला टोपल्या आणि चालू लागा."

मांडव खदाखदा हसला. सेमांडानं मात्र दोन्ही हातांत तोंड लपवलं. ते बघून लुटायांचं काळीज हललं. ते हात जोडून उठले.

"खोटं माझं आहे, आत्याबाई. पोरगा चपात्याच विकतो. त्याचं लग्न मोडू नका."

"हे आधी बोलायला काय धाड भरली होती? पोरगा पसंत आहे. पण खोट्याला दंड पडतो, एका बकऱ्याचा. आणि ज्याचं खोटं, त्यानंच भरायचा."

"भरतो की! लुटाया काय भिकारी आहे?" असं म्हणत त्यांनी ऐटीत खिशात हात घातला. हात आतच राहिला. मग ते पुतण्याच्या कानाशी वाकून पुटपुटू लागले.

"मोठ्यानं बोला हो," आत्या म्हणाली. "मागं ऐकू येत नाही."

लुटाया सरळ उभे राहिले. "सेमांडा, बाळा," ते मोठ्यानं म्हणाले, "मला बकऱ्याचे पैसे दे."