आनंदा घरतची लांब ओळ

आनंदा घरतचा हात तोंडाच्या आधी चालायचा. कंटेनरच्या यार्डासाठी गावची मिठागरं मोजायला माणसं आली, तेव्हा त्यानं त्यांची तिपाई काठीनं मोडली होती. पुढं त्याच यार्डाच्या वजनकाट्यावर त्याला नोकरी लागली. न्हावा शेवा बंदराचा ट्रेलर काट्यावर चढला की वजन व्हायचं, मग आनंदा ड्रायव्हरचं नाव लिहायचा. नुसत्या नावानं त्याचं समाधान होत नसे. कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे लिहिल्याशिवाय त्याला माणूस माणूस वाटतच नसे. वहीत ते खपून गेलं.

मग यार्डाच्या इंजिनीयर स्नेहलनं वही बंद करून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवला. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी शिरढोणचा रामू आला. रामू आनंदाचा मेव्हणा. त्याला आनंदानंच शब्द टाकून ड्रायव्हर म्हणून चिकटवलं होतं. आनंदानं कौतुकानं लिहिलं, ‘रामू ठाकूर शिरढोण माझ्या हौसाचा धाकटा भाऊ याला आधी सोडा’, आणि एंटर दाबलं. पडद्यावर वजन आलं नेहमीच्या दुपटीच्या वर.

रामू म्हणाला, मशीन चुकतंय, परत मोजा. आनंदाला वाटलं, यानं चोरटा माल भरला आणि चारचौघांत आपलं नाक कापलं. त्यानं चाकाचा पाना उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा अडवायला रामूनं उजवा हात वर केला, तर मनगट काडकन मोडलं. तो खाली पडला तरी आनंदा हाणतच होता. वॉचमन गणूनं मागून कंबर धरली तेव्हा कुठं थांबला.

नुसतं नाव टाकून परत मोजलं, तर वजन बरोबर. दुपारपर्यंत स्नेहलला कारण सापडलं. टाइप केलेली ओळ वाचायला तिनं सिस्टीमच्या लायब्ररीतलं जुनं तयार फंक्शन वापरलं होतं. ते जागा किती आहे हे विचारतच नाही, एंटर येईपर्यंत भरत राहतं. नावाला जागा एकतीस अक्षरांची; आठ दिवस ओळी त्यात कशाबशा मावल्या, ही मावली नाही. पुढची अक्षरं शेजारच्या खान्यात सांडली, आणि तिथं वजन होतं. चूक माझी आहे, असं ती मान खाली घालून म्हणाली. आनंदाला तिच्यावर ओरडताही येईना.

रामूनं दवाखान्यात ट्रेलरवरून पडलो म्हणून सांगितलं होतं. या हातानं पुन्हा स्टिअरिंग धरता येईल का, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. उशाशी बसलेली हौसा नवऱ्याकडं बघेना. आनंदानं ओळीची सगळी हकीगत सांगितली, पिशवीतून तोच पाना काढून रामूच्या डाव्या हातात दिला आणि आपला उजवा पंजा टेबलावर पसरला.

“मार. मशीननं फसवला मला.”

“मशीनला इचारता येत नाय, दाजी,” रामू म्हणाला. “तुला येत होता.”

आणि त्यानं पाना हाणला. दोन बोटं फुटली. आनंदानं हात तसाच ठेवला, दुसऱ्या घावाची वाट बघत. रामूनं पाना खाली टाकला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. ते मात्र आनंदाला सोसलं नाही.