बाळंतिणीची बंद खोली

थंडी पडली की ती घटना आजही माझ्यापुढे उभी राहते. नव्वदनंतरचा काळ होता. मी इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात झाडलोट करत होते. चौकशीला बाई आणली की साहेब मला तिच्याजवळ बसवत. मी बोलत नसे, ऐकत असे.

कळसला माहेरी आलेली एक बाळंतीण सकाळी अंथरुणातच गेलेली आढळली. सासूने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांत विष होतं, अशी फिर्याद तिच्या आईने दिली. ते लाडू आल्यापासून पोरीचं रोज रात्री डोकं दुखायचं, गरगरायचं. सकाळी उन्हात बसली की बरं वाटायचं. सासूला ही सून नकोच होती, असं गावातल्या एकाने साहेबांच्या कानावर घातलं.

सासूला लासुर्ण्याहून आणलं. बाई तोंडाची फटकळ. "व्हय, भांडायची मी तिच्याशी. पण लाडू साजूक तुपातलं हायेत," एवढंच ती सांगत राहिली. तिच्या अटकेची तयारी झाली.

त्याआधी साहेबांनी आईचा जबाब पुन्हा घेतला. रात्री पोरीजवळ कोण असायचं, असं विचारलं.

"मीच की. त्या रातीला तेवढं लेकरू रडत व्हतं म्हून त्याला घेऊन भाईर सोप्यात निजले."

"तुम्हाला कधी काही झालं?"

"माझंबी डोकं ठणकायचं. जागरणानं."

"लाडू खाल्ले होते?"

"न्हाय वो सायेब. बाळंतिणीचं लाडू मी कशाला खाईन?"

साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि आम्हाला घेऊन त्या घरी गेले. पंचनाम्यात बाजेखाली कोळशाची शेगडी मिळाली. खिडकीच्या फटी, कौलांखालची जागा, दाराची कड, सगळं चिंध्यांनी बुजवलेलं. लेकीला वारं लागू नये म्हणून आईने स्वतःच्या हातांनी बुजवलं होतं. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लाडवांत काहीच निघालं नाही; लाडू आले त्याच सुमारास थंडी वाढून शेगडी पेटू लागली होती, आणि एरवी लेकरासाठी रात्री उघडणारं दार त्या रात्री उघडलंच नव्हतं.

साहेबांनी हे आईला ठाण्यात बोलावून सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत बसली.

सुटलेली सासू जाता जाता तिच्यापुढे थांबली. आता ही काय बोलते म्हणून मी उठले. पण ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "माझ्या पोराच्या वेळंला माझ्या आईनंबी अशाच फटी बुजवल्या व्हत्या."

एवढी वर्षं ठाण्यात काढली, पण गुन्हेगार नसलेला असा गुन्हा पुन्हा पाहिला नाही. आता कुणाकडे बाळंतिणीला बघायला गेले, की आधी शेगडी कुठे आहे ते बघते आणि खिडकी उघडायला सांगते. मी चारचौघांत बोलत नाही. पण तेवढं बोलते.