कोरडी टाकी

काल आमच्या पेठेतल्या सभागृहात कुसुमताईंचा सत्कार झाला. खाचखळग्यांतून, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत मोटरसायकल पळवायच्या मोटोक्रॉस शर्यतीत आमच्या भागातून उतरलेली ही पहिली बाई. हे आठवायला गावाला त्यांची पंचाहत्तरी उलटावी लागली. आपल्याकडे माणूस निरुपद्रवी झाला की मगच त्याचं मोठेपण दिसायला लागतं.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग फोटोसाठी त्यांना मंचावरच्या एका जुन्या मोटरसायकलवर बसवलं. दसऱ्याला सजवतात तशी ती सजवली होती. हँडलला झेंडूचा हार, दिव्याला हळदकुंकू. ताई बसल्या आणि त्यांचं उजवं मनगट ॲक्सिलरेटर पिळावा तसं आपसूक मागे वळलं. एवढंच, पण वाकलेली पाठ क्षणभर ताठ झाली. ज्यांनी त्यांना खरंच गाडी पळवताना पाहिलं होतं, त्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती. आज टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिलं ते फक्त हे मनगट, आणि तेही पाहिलं की नाही कोण जाणे.

ताईंनी टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला.

"यात पेट्रोल नाहीये."

"मुद्दाम काढून ठेवलं, आजी," सत्कार करणाऱ्या मंडळाचा तरुण अध्यक्ष हसत म्हणाला. "तुमच्या काळजीपोटी."

"मी शर्यतीत नाव द्यायला गेले की तेव्हाचे आयोजकही हेच सांगायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला ऐकू आलं. मागे टाळ्या चालूच होत्या.