बँकेच्या पायऱ्या आणि गाय

तंजावूरच्या हमरस्त्यावर एका बँकेचं मुख्य कार्यालय आहे. ती इमारत माझी. तिच्या दर्शनी दगडावर मात्र नाव दुसऱ्याच माणसाचं कोरलंय. ते नाव मी इथे लिहिणार नाही. दगडावर मिळालंय तेवढं त्याला पुरे, माझी शाई कशाला खर्च करू?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मद्रासहून आर्किटेक्चरचा डिप्लोमा घेऊन परतलो आणि गावातल्या एका बड्या आर्किटेक्टच्या हाताखाली लागलो. साहेब विलायतेत शिकून आलेले, तमिळसुद्धा नाकातून बोलायचे. बँकेचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझे वडील, अप्पा, भेटेल त्याला अडवून सांगायला लागले, "बँक आमचा पोरगा बांधतो आहे."

आणि बांधत मीच होतो की! मधला मोठा चौक माझा. पश्चिमेच्या उन्हाला अडवणारे खोल सज्जे माझे. पूर्वेकडून आत चढणारा रुंद दगडी उतारही माझाच, राजवाड्यात घोडे वर नेण्यासाठी असतो तसा. साहेबांनी काय केलं? कोपऱ्यात सही केली. मी म्हटलं, "सर, खाली माझंही नाव टाकूया." ते ऑफिसातल्या इतर मंडळींकडे बघून हसले. "नाव? आधी मिसरूड तर फुटू दे." माझं लग्न झालेलं होतं हो तेव्हा! तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी होती, पुन्हा नकाशावर वाकलो.

आराखडा दाखवायला साहेब मला घेऊन बँकेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हातारे, कपाळभर विभूती, मोठे धार्मिक गृहस्थ. त्यांनी उतारावर बोट ठेवून विचारलं, "हे कशासाठी?" साहेबांना कुठे ठाऊक? रेघ त्यांनी मारलेलीच नव्हती. "हातगाड्यांसाठी," त्यांनी ठोकून दिलं. बँकेच्या दारात हातगाड्या अध्यक्षांना रुचल्या नाहीत. साहेब लगेच म्हणाले, "काढून टाकू. त्या जागी समोरून उंच पायऱ्या करू, आणि वर काचेचं फिरतं दार, मुंबईसारखं."

मी नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन मागे उभा होतो. उत्तर माझ्या जिभेवर होतं. आमच्या गावात नव्या वास्तूत पहिलं पाऊल गाय टाकते, वासरासकट, मग माणसं. घराला दोन पायऱ्या असतात, गाय सहज चढते, म्हणून ती कशी चढेल असा विचार कुणी करत नाही. मी केला होता. उतार गाईसाठी होता. एक शब्द बोललो असतो तर तो राहिला असता. पण मनात म्हटलं, थांब लेका. इमारत तुझी ना? मग चढव तूच गाय!

पुढे बांधकाम होईपर्यंत मी त्या पायऱ्यांचे नकाशे मन लावून काढले. एकही चूक ठेवली नाही. साहेब खूश झाले.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. नादस्वरम वाजत होतं. अप्पा ठेवणीतलं जरीचं उपरणं घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. दगडावरचा पडदा सरला. अप्पांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या मनात उरलीसुरली दया होती तीही तिथेच संपली.

मग शिंगांना हळद लावलेली गाय आली. पायऱ्या बघून ती थबकली. पुढून केळी दाखवली, मागून ढकललं. कशीबशी अर्ध्यावर गेली, तर फिरत्या दाराच्या काचेत तिला दुसरी गाय दिसली. ती जी वळली! वासरू मांडवात पळालं, आणि चकचकीत पायरीवर शेण पडलं. पूजेला बसलेले शास्त्री ओरडायला लागले, राहुकाळ लागेल, लवकर करा. जमिनीलगत असं एकच दार होतं, मागचं, संडासांना लागून. तिकडूनच गाय आत न्यावी लागली. बँकेत लक्ष्मी आली ती संडासाच्या वाटेने. मला हसू आवरेना, मी तोंडाला रुमाल लावला.

अध्यक्ष लालबुंद झाले. "नकाशा कुणी केलाय हा?"

साहेबांना घाम फुटला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं. "यांनी! पहिल्या रेघेपासून सगळा यांचाच."

भर मांडवात, सगळ्या गावासमोर, शेवटी त्यांच्या तोंडून ते निघालं. अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं.

मी हात सोडवून घेतला आणि दगडाकडे दाखवलं. "छे हो सर, माझी कुठली एवढी लायकी? नाव तुमचं आहे. वाचा ना."

लोक हसले. काय हसले म्हणता! त्यानंतर गावात साहेबांना कुणी गोठा बांधायलाही बोलावलं नाही. वर्षभरात गाशा गुंडाळून ते मद्रासला गेले. मी त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर गेलो होतो, खास बघायला. आजही कुणी मला तसंच पुढे ओढलं तर माझं उत्तर तेच राहील.

त्या दिवशी अप्पा घरापर्यंत माझ्यापुढे झपझप चालत गेले. दारात चपला काढताना त्यांनी आमच्या घरच्या तंजावरी मराठीत विचारलं, "ते खोटं बोललें कां रे? कीं तूं खोटं बोललास?"

"अस्कं मीच केलं, अप्पा. सगळं."

त्यांनी मान डोलावली आणि उपरणं घडी घालून पेटीत ठेवलं. बँक आमच्या पोरानं बांधली, असं मात्र ते पुन्हा कधी कुणाला म्हणाले नाहीत.